नॉर्वेला यायचंय? मग आधी उजेडाचं आणि रस्त्याचं गणित समजून घ्या

मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, की आम्ही मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत नॉर्वेला येतोय, प्लॅन पाठवलाय, जरा बघून सांग ना. आणि प्लॅन उघडला की बहुतेक वेळा तोच असतो, आठ दिवस, ऑस्लो, बर्गन, फ्लोम, गाइरांगर, लोफोटेन, ट्रॉम्सो, शेवटी जाता जाता कोपनहेगन, आणि ट्रॉम्सोच्या पुढे लिहिलेलं असतं "नॉर्दर्न लाइट्स", म्हणजे उत्तरेला रात्री आकाशात दिसणारा तो हिरवा उजेड. मी इथे बरीच वर्षं राहतेय आणि इतक्या लांबून, इतके पैसे साठवून येणाऱ्या माणसाची ट्रिप छान व्हावी असं मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. कुठे काय बघायचं याच्या याद्या खूप मिळतात, पण या देशात प्लॅन फसतो तो जागा चुकीच्या निवडल्यामुळे नाही, तर दोन गोष्टी लक्षात न घेतल्यामुळे, एक म्हणजे उजेड आणि दुसरं म्हणजे रस्ता.

आधी उजेड. ट्रॉम्सो आर्क्टिक सर्कलच्या बरंच वर आहे, जवळजवळ ७० अंश उत्तरेला. पृथ्वी कललेली असल्यामुळे उन्हाळ्यात हा सगळा भाग चोवीस तास सूर्याकडे तोंड करून असतो आणि हिवाळ्यात पाठ करून. म्हणजे ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही (पूर्ण काळोख नसतो, दुपारी काही तास निळसर-गुलाबी उजेड असतो, आणि तो फार सुंदर असतो). आता नॉर्दर्न लाइट्स आकाशात मे महिन्यातही असतात, पण ते दिसायला अंधार लागतो आणि मे महिन्यात अंधारच होत नाही. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत त्या नावाखाली कोणी तुम्हाला काही विकत असेल तर घेऊ नका. सप्टेंबर ते मार्च हा त्याचा सीझन.

म्हणून माझं सरळ म्हणणं असतं, मे महिन्याची सुट्टी असेल तर दक्षिण-पश्चिमेचे फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) करा, दिवाळीची सुट्टी असेल तर उत्तरेला जा. मे महिना फ्योर्डसाठी खरंच चांगला आहे, डोंगरावरचं बर्फ वितळत असतं त्यामुळे धबधबे भरभरून वाहतात, हार्डांगरमध्ये सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात, १७ मे हा यांचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी सगळं गाव पारंपरिक कपडे घालून रस्त्यावर असतं आणि शाळेतली मुलं झेंडे घेऊन मिरवणूक काढतात, ऑस्लोत असाल तर राजवाड्यासमोर ती बघाच. फक्त एक लक्षात ठेवा की मे महिन्यात उंचावरचे बरेच घाटरस्ते अजून बर्फाने बंद असतात, ट्रोलस्टिगेनसारखा वळणावळणाचा फेमस रस्ता साधारण मेच्या शेवटी-जूनमध्ये उघडतो, आणि तेही त्या वर्षीच्या बर्फावर आणि दरडींवर अवलंबून. दिवाळीत येणाऱ्यांचं उलट, ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवस पाच-सहा तासांचाच असतो पण रात्र लांबलचक, म्हणजे लाइट्स बघायला भरपूर वेळ.

आता रस्ता. नकाशावर ऑस्लो-बर्गन वीतभर दिसतं, पण गाडीने सात-आठ तास लागतात आणि ट्रेनने साडेसहा-सात. याचं कारण फ्योर्ड. हिमयुगात हजारो वर्षं हिमनद्यांनी डोंगर खोल कोरत नेले, मग बर्फ वितळलं आणि त्या दऱ्यांमध्ये समुद्र आत शिरला. सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर आत येतो आणि १,३०० मीटर खोल आहे. आपल्या कोकणात दाभोळहून धोपाव्याला जायचं तर फेरीबोटीत गाडी घालायची नाहीतर खाडीला मोठा वळसा मारायचा, अगदी तसंच इथे, फक्त संपूर्ण पश्चिम किनारा असाच आहे. त्यामुळे गुगलने चार तास दाखवले तर त्यात फेरीची वाट बघणं, बोगद्यामागे बोगदे, एका गाडीपुरता अरुंद रस्ता आणि दर वीस मिनिटांनी "अगं थांब थांब, फोटो काढू" हे सगळं धरा आणि सहा तास म्हणा. बोगद्यांवरून आठवलं, लर्दालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटर लांब आहे, २००० साली सुरू झाला, आणि गाडी चालवणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून आत मध्ये-मध्ये निळ्या दिव्यांच्या मोठ्या गुहा केल्यात.

आणि उत्तर म्हणजे तर वेगळाच देश समजा. ऑस्लोहून ट्रॉम्सो रस्त्याने सोळाशे किलोमीटरच्या वर आहे, त्यातला सोयीचा रस्ता स्वीडनमधून जातो, आणि ट्रॉम्सोला रेल्वे नाहीच, नॉर्वेची सलग रेल्वे बोडोला संपते. त्यामुळे ट्रॉम्सोला विमानानेच जायचं, दोन तासांत पोचता. उत्तरेतल्या लोफोटेन बेटांनाही बोडोहून मोस्केनेसची फेरी तीन-चार तासांची, नाहीतर छोटं विमान. हे सगळं आठ दिवसांत फ्योर्डसोबत कोंबलं की तुम्ही नॉर्वेचे एअरपोर्ट बघता, नॉर्वे नाही. एका आठवड्यात एकच भाग करा, माझं अगदी ठाम मत आहे हे. ऑस्लोचे दोन दिवस आणि त्याला जोडून एक भाग, बस.

पहिल्यांदा येणाऱ्यांना, आणि खास करून आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांना, मी ऑस्लो-मिर्दाल-फ्लोम-गुडवांगेन-वॉस-बर्गन हाच रस्ता सांगते. सगळ्यांना माहितीये म्हणून तो टाळावा असं अजिबात नाही. ऑस्लो-बर्गन ट्रेन वर वर चढत जाते, फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे आणि मे महिन्यातही खिडकीबाहेर पांढरंशुभ्र बर्फ असतं. मिर्दालला उतरून फ्लोमची छोटी ट्रेन पकडायची. ही वीस किलोमीटरची लाइन ८६६ मीटर खाली उतरते, एक तास लागतो, वीस बोगदे आहेत आणि त्यातले अठरा हाताने खोदलेले, १९४० साली पूर्ण झाली. मध्येच क्योसफॉसन धबधब्यापाशी ट्रेन थांबते, सगळे भराभर फलाटावर उतरतात, तुषार अंगावर येतात, चष्मा पुसेपर्यंत परत ओला होतो, आणि उन्हाळ्यात तिथे खडकावर लाल कपड्यातली एक बाई संगीतावर नाचताना दिसते, ती इथल्या लोककथांमधली हुल्ड्रा, माणसांना भुलवून रानात नेणारी. पाचेक मिनिटांचाच प्रकार आहे सगळा, पण माझ्या सासूबाई अजून त्याबद्दल बोलतात. प्रवासात मोबाइल आत ठेवा आणि रेनकोट वरच ठेवा, बॅगेत खाली नको.

फ्लोमहून पुढे गुडवांगेनपर्यंत बोटीने नॅरोयफ्योर्डमधून जायचं, दोन तास. हा फ्योर्ड आणि गाइरांगर, दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आता इथे बॅटरीवर चालणारी बोट आहे, इंजिनचा आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे धबधब्यांचा आवाज ऐकू येतो. बोटीवर वरच्या डेकवर उभं राहायचं असेल तर मे-जूनमध्येही टोपी-हातमोजे लागतात, हे भारतातून येताना कोणालाच खरं वाटत नाही.

एक महत्त्वाचं, बरेच लोक हे सगळं एका दिवसात करून रात्री बर्गनला पोचतात. करता येतं, पण फ्लोमला दुपारी मोठमोठ्या क्रूझ लागलेल्या असतात आणि गाव अगदी भरून जातं. तेच संध्याकाळी क्रूझ गेली की रिकामं होतं आणि मेमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. एक रात्र फ्लोम नाहीतर शेजारच्या आउरलांडला काढा. राहायचं महाग वाटलं तर कॅम्पिंगच्या जागी छोट्या लाकडी केबिन मिळतात, त्याला ह्यिट्टे म्हणतात, शेगडी आणि भांडी असतात, फक्त बुक करताना चादरी-टॉवेल धरलेत का ते बघा, बऱ्याच ठिकाणी ते वेगळे घ्यावे लागतात. ट्रेनची तिकिटं लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात, तीच सीट आदल्या दिवशी दुप्पट-तिप्पटही होते. एंटूर नावाचं ॲप घ्या, देशातल्या सगळ्या ट्रेन, बस, बोटींच्या वेळा एकाच ठिकाणी दिसतात.

आता उत्तरेला जाणाऱ्यांसाठी नॉर्दर्न लाइट्सचं थोडं नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि ते शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकले की उजेड निघतो, हिरवा रंग ऑक्सिजनचा. हे ध्रुवाभोवती एका मोठ्या कड्यासारख्या पट्ट्यात होतं आणि ट्रॉम्सो बरोबर त्या पट्ट्याखाली आहे. म्हणून ॲपवर दिसणारा केपी नावाचा आकडा, जो लाइट्सचा जोर सांगतो आणि शून्य ते नऊ असतो, तो दोन दाखवत असला तरी ट्रॉम्सोत छान दिसू शकतात, लंडनमध्ये बसलेल्या माणसाला मात्र सात-आठ लागतो. म्हणजे ट्रॉम्सोत तुमचा खरा शत्रू केपी नाही, ढग आहे. किनाऱ्यालगतच्या उबदार समुद्रप्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असूनही ट्रॉम्सो फार गारठत नाही, जानेवारीतही सरासरी उणे चारच्या आसपास, पण त्याच समुद्रामुळे ढग सारखे येतात. देशाच्या आत, डोंगरांपलीकडे गेलं की आकाश मोकळं होतं आणि थंडी एकदम उणे वीस-पंचवीस.

म्हणून एकच रात्र ठेवू नका, निदान तीन, जमल्यास चार रात्री ठेवा. आणि पहिल्या रात्री तरी बसची नाहीतर छोट्या गाडीची टूर घ्या, कारण ते लोक दिवसभर ढगांचे नकाशे बघत असतात आणि जिथे आकाश मोकळं तिथे नेतात, कधीकधी दोन-अडीच तास गाडी चालवत थेट फिनलंडच्या हद्दीत. त्यामुळे पासपोर्ट सोबत ठेवा. थांबले की जास्तीचे जाड सूट देतात, शेकोटी पेटवतात, गरम चॉकलेट मिळतं आणि मग वाट बघायची. आधी उत्तरेला एक फिकट पांढुरका पट्टा दिसतो, ढगच वाटतो, मोबाइल नाइट मोडवर धरला की तो स्क्रीनवर हिरवा दिसतो आणि मग कळतं की हेच ते. डोळ्याला कॅमेऱ्याइतके रंग बऱ्याचदा दिसत नाहीत, फोटो बघून आलेल्यांना हे आधी सांगितलेलं बरं. पण जोर धरला की मग तो पट्टा सळसळायला लागतो, डोक्यावर येतो, कडेला गुलाबी झालर दिसते, आणि तेव्हा कॅमेरा कुठला आणि काय, सगळे आकाशाकडे बघून ओरडत असतात. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

थंडीच्या कपड्यांचं म्हणाल तर भारतातून भलंमोठं जॅकेट एकच आणण्यापेक्षा थर करा. आत अंगाला लागून लोकरीचं, शक्यतो मेरिनोचं, मध्ये फ्लीस नाहीतर स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं. कॉटन आत घालू नका, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. जीन्स तर मुळीच नको. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ वितळून परत गोठतं आणि काचेसारखं होतं, त्यासाठी बुटाखाली ताणून लावायचे खिळ्यांचे रबर मिळतात, इथे त्याला ब्रोडर म्हणतात, स्पोर्ट्सच्या दुकानात आणि कित्येकदा किराण्याच्या दुकानातही मिळतात. साठीच्या पुढच्या माणसांना पहिल्याच दिवशी घेऊन द्या, इथे टूरिस्ट पडून मनगट मोडणं हे खूप कॉमन आहे. बर्गनला जाणार असाल तर वर्षातल्या कुठल्याही महिन्यात पाऊस धरूनच चला, तिथे वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो, छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच हवा.

आता पैसे. एक क्रोनर साधारण आठ-नऊ रुपये धरा. साध्या रेस्टॉरंटमध्ये एका माणसाचं जेवण अडीचशे-तीनशे क्रोनर सहज होतं, कॉफी पन्नासेक. हे महाग का, तर इथे भांडी घासणाऱ्यालाही चांगला पगार मिळतो, बहुतेक वस्तूंवर २५ टक्के टॅक्स आहे, खाण्याच्या वस्तूंवर १५, आणि स्वतःचे शेतकरी टिकावेत म्हणून बाहेरच्या दूध-मांसावर जबर आयातकर आहे. पण मग इथले लोक काय करतात, तर ते रोज बाहेर खात नाहीत. ऑफिसला जाणारा माणूससुद्धा घरून कागदात गुंडाळलेला ब्रेड नेतो, डोंगरावर जाताना तेच, त्यामुळे तुम्ही बाकावर बसून डबा उघडलात तर कोणी वळूनही बघणार नाही. हॉटेलचा नाश्ता बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो आणि भरपेट असतो, तो नीट करा. रेमा, किवी, कोप एक्स्ट्रा ही स्वस्तातली किराण्याची दुकानं, तिथे ब्रेड, चीज, फळं, दही, फलाफल सगळं मिळतं. तपकिरी रंगाचं गोडसर चीज दिसेल, ब्रुनोस्त, ते नक्की खाऊन बघा, मुलांना फार आवडतं. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटली विकत घ्यायची गरजच नाही. घेतलीत तर तिच्यावर दोन-तीन क्रोनर डिपॉझिट लागतं, रिकामी बाटली दुकानातल्याच मशीनमध्ये टाका आणि हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की पैसे परत.

रविवारी मोठी दुकानं बंद असतात हे लिहून ठेवा. छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात पण महाग. ईस्टरच्या आठवड्यात तर देशच बंद असल्यासारखा वाटतो. बिअर दुकानात शनिवारी सहापर्यंतच, सोमवार ते शुक्रवार आठपर्यंत, आणि वाइन किंवा त्याच्या वरचं काही फक्त सरकारी दुकानात, विनमोनोपोलेटमध्ये.

घरून खाऊ आणताना मात्र एक नियम आहे जो आपल्या लोकांना माहीत नसतो. युरोपबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड वगैरेच्या भानगडीतही पडू नका, बॅग तपासली तर काढून घेतात. बाकरवडी, चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गरम पाणी घातलं की होणारे पोहे, हे बिनधास्त आणा, डोंगरात आणि शाकाहारी मंडळींना याचा फार आधार होतो. शाकाहारी असाल तर शहरात काही अडत नाही, ऑस्लोच्या ग्रोनलांड भागात आपला सगळा किराणा मिळतो, डाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या सगळं. पण फ्योर्डमधल्या गावात एकच कॅफे असतो आणि त्यात सूपही माशाचं असतं, तेव्हा विचारून घ्या.

कॅश जवळजवळ लागतच नाही, मी महिनोन्महिने नोट बघत नाही. इथले लोक व्हिप्स नावाच्या ॲपने पैसे देतात, ते टूरिस्टला वापरता येत नाही, त्यामुळे कार्डच. व्हिसा किंवा मास्टरकार्ड, दोन वेगवेगळ्या बँकांची आणा, इंटरनॅशनल व्यवहार चालू करून आणि पिन पाठ करून. आणि मशीनवर "रुपयांत भरायचे की क्रोनरमध्ये" विचारलं तर कायम क्रोनर, रुपये निवडले की ते स्वतःचा वाईट रेट लावतात. टिप सक्तीची नाही. ऑस्लोत तिकीट रूटर ॲपवर काढायचं, कुठे गेट नाहीत, कोणी विचारत नाही, म्हणून न काढता बसू नका, तपासनीस साध्या कपड्यात येतात आणि दंड हजार क्रोनरच्या वर असतो. त्याच तिकिटावर ऑस्लोच्या फ्योर्डमधल्या बेटांच्या बोटीही चालतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, महागड्या क्रूझऐवजी तीच बोट घ्या. विगेलांड पार्क, ऑपेरा हाउसचं छत, बंदराजवळची नवी डाइखमान लायब्ररी, तिन्ही फुकट आणि तिन्ही छान.

व्हिसाबद्दल थोडक्यात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसाच लागतो, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. फी ९० युरो, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. इमिग्रेशन तुम्ही शेंगेनमध्ये जिथे पहिलं उतरता तिथे होतं, म्हणजे फ्रँकफर्टवरून येत असाल तर फ्रँकफर्टला, ऑस्लोला नाही, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद करायला सुरुवात झालीये त्यामुळे रांगा लांबतात, तासाभराचं कनेक्शन घेऊ नका. स्वालबार्डला (पार उत्तरेकडची आर्क्टिकमधली बेटं) जायचं मनात असेल तर एक बारीक गोष्ट, ते नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे, तिथून परत ऑस्लोला आलात की ती दुसरी एंट्री धरली जाते, म्हणून व्हिसा डबल किंवा मल्टिपल एंट्रीचाच मागा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट आणा. गाडी उजवीकडून चालते, दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे, झेब्रावर कोणी पाय टाकायच्या बेतात असला तरी थांबायचं. स्पीड लिमिट गावात ५०, बाहेर ८० आणि ती खरोखर पाळायची असते, थोडं वर गेलं तरी काही हजार क्रोनर दंड लागतो. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरही नाही असंच समजा. टोलनाके नाहीत, कॅमेरे नंबर टिपतात आणि बिल नंतर भाड्याच्या कंपनीमार्फत येतं. ज्यांनी कधी बर्फात गाडी चालवली नाही त्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल उत्तरेत ती शिकायला जाऊ नका, बस आणि टूर आहेत की.

डोंगराचं मात्र कळकळीने सांगते. इथे १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही फिरायचा, तंबू ठोकायचा हक्क आहे, घरापासून १५० मीटर लांब राहा, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नको, शेतात नको, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ शेकोटी नको. पण हक्क आहे म्हणजे कठडे आहेत असं नाही. प्रेइकेस्टोलेनचा कडा फ्योर्डपासून ६०४ मीटर सरळ वर आहे आणि कडेला काहीही नाही. तो ट्रेक जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चारेक तासांचा, चालायची सवय असलेल्या कोणालाही जमतो. ट्रोलटुंगा मात्र वेगळं प्रकरण आहे, नेहमीच्या वाटेने जाऊन-येऊन सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, दहा-बारा तास. फोटोत माणूस जिभेसारख्या खडकावर मजेत बसलेला दिसतो, त्याच्या मागचे दहा तास दिसत नाहीत. दरवर्षी लोक दुपारी उशिरा निघतात, साध्या स्नीकरवर, आणि मग रेस्क्यू टीमला जावं लागतं. गाइडशिवाय करायचं असेल तर जून ते सप्टेंबरच, पहाटे निघा, वायआर ॲपवर हवामान बघून निघा, आणि ढग खाली आले तर परत फिरा. नॉर्वेतल्या मुलांना शाळेपासून शिकवलेले डोंगराचे नऊ नियम आहेत आणि त्यातला एक हाच आहे, वेळेत मागे फिरण्यात लाज नाही. हिमनदीच्या तोंडाशी दोरी बांधलेली असेल तर तिच्या पलीकडे फोटोसाठीही जाऊ नका, तो बर्फ उन्हाळ्यात कधीही कोसळतो आणि त्यात माणसं गेलेली आहेत.

दुखलं-खुपलं तर इथे थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाता येत नाही. आधी लेगेवाक्ट, म्हणजे तातडीचा दवाखाना, त्याचा फोन ११६ ११७. जीवावरचं असेल तर ॲम्ब्युलन्स ११३, पोलीस ११२, आग ११०, सगळे इंग्लिश बोलतात. ॲंटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे आई-बाबांची रोजची औषधं पूर्ण ट्रिपची आणि वर चार दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या इंग्लिश प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत आणा. इन्शुरन्स घेताना त्यात ट्रेकिंग आणि बर्फातले खेळ धरलेत का ते विचारा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये ते नसतात आणि हस्की कुत्र्यांच्या स्लेजवरून किंवा स्नोमोबाइलवरून पडून हाड मोडलं तर बिल तुमच्या अंगावर येतं. पॉलिसीचा नंबर आणि त्यांचा हेल्पलाइन नंबर सोबतच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा, एकाच्याच नको.